मूल बोलत नाही म्हणून वाट बघू नका, आणि त्याच्या आईला एकटी पाडू नका



या महिन्यात 2 एप्रिल येतो. स्वमग्नता म्हणजे काय, हे लोकांना कळावं म्हणून संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ठरवलाय. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. वस्तीत मात्र असं मूल 'हट्टी', 'येडं', नाहीतर 'मुकं' ठरतं.

आधी माझी चूक सांगते. मी नर्सची नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. एक ताई धाकटीला डोस द्यायला आली होती. सोबत अडीच वर्षांचा मुलगा होता. ती म्हणाली, "सिस्टर, हा अजून आई म्हणत नाही. हाक मारली तर बघतपण नाही." मागे बायकांची मोठी रांग होती. मी मान वर न करताच म्हणाले, "मुलगे उशिरा बोलतात, काळजी करू नको." तीन वर्षांनी ती मला वस्तीतल्या शिबिरात भेटली. मुलगा साडेपाच वर्षांचा झाला होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना."

म्हणून कोणी कितीही धीर दिला, माझ्यासारख्या सिस्टरने दिला तरी, पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही. हवी ती वस्तू बोट करून दाखवत नाही, तुमचा हात धरून तिकडे ओढतं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी 'पाणी दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. नजरेला नजर फारशी देत नाही. झाकणं, चपला एका रांगेत लावत बसतं आणि रांग मोडली की आकांत करतं. कुकरच्या शिट्टीने कान दाबून धरतं. यातली एखादी गोष्ट बऱ्याच मुलांत असते, ती असली म्हणजे स्वमग्नताच असं नाही. पण बोलायला लागलेलं मूल बोलायचं थांबलं, येत असलेले शब्द गेले, तर एक आठवडाही वाया घालवू नका.

जायचं कुठे? पहिल्यांदा आशाताई किंवा अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, 'लाज आणेल' म्हणून लपवू नका. पथकाची वाट बघायची नसेल तर सरळ जिल्हा रुग्णालयात जा आणि मुलांच्या वाढीचं तपासणी केंद्र, डीईआयसी, कुठे आहे ते विचारा. तिथे आधी कानांची तपासणी मागा. ऐकू कमी येत असेल तरीही मूल हाकेला वळत नाही, त्यामुळे ते आधी पक्कं व्हायला हवं.

आता दोषाची गोष्ट. त्या ताईला सासू म्हणायची, "पोटुशी असताना तू ग्रहणात भाजी चिरलीस." नवरा म्हणायचा, "तू दिवसभर कामावर, म्हणून पोरगं असं झालं." आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं, असं परदेशातले मोठे डॉक्टरसुद्धा एके काळी म्हणत. ते साफ खोटं ठरलं. स्वमग्नता मेंदूच्या वाढीतल्या फरकामुळे येते आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. आईचं काम, आईचा राग, ग्रहण यांचा काही संबंध नाही. लसीचाही नाही. गोवराच्या लसीने ऑटिझम होतो असा लेख 1998 साली इंग्लंडमध्ये छापून आला होता, तो 2010 मध्ये त्याच मासिकाने मागे घेतला. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. लस चुकवली तर काय होतं ते आपल्याच वस्त्यांनी बघितलंय.

एक कडू बोलते. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतही अशा मुलाच्या दंडाला मी दोरा बघितलाय. "कोणी तरी करणी केली" म्हणून त्या ताईने कानातलं विकून एका बाबाला पैसे दिले. तेवढ्या पैशांत किती महिन्यांची थेरपी झाली असती, हा हिशोब तिने नंतर मला बोटांवर मोजून दाखवला. आणि बाबा फक्त अंगाऱ्याचेच नसतात. स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो असं सांगून लाखो रुपये घेणारेही असतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. स्वमग्नता औषधाने जात नाही. शिकवण्याने आणि सवयीने मूल पुढे जातं, कुणी थोडं, कुणी पुष्कळ.

शिकवणं म्हणजे फक्त सेंटरमधला अर्धा तास नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीतही ते जमतं. लांबलचक बोलू नका. 'बूट घाल.' दोन शब्द, मग दहापर्यंत मोजत थांबा, त्याला तेवढा वेळ लागतो. बिस्कीट आणि केळं दोन्ही समोर धरा आणि त्याने हात, नजर किंवा आवाज केल्याशिवाय देऊ नका. दिवसाची चित्रं भिंतीवर ओळीने लावा: नळ, ताट, दप्तर, गादी. जुन्या वर्तमानपत्रातून, पाकिटावरून कापलेली चालतात. पुढे काय होणार हे दिसलं की त्याचा निम्मा आरडाओरडा कमी होतो. 'आधी आंघोळ, मग झोका' असं सांगा आणि झोका खरंच द्या. मारू नका. माराने तो शब्द शिकत नाही, भीती शिकतो. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही, पण मोबाइल हातात असतो तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्या घरात जेवताना मोबाइल डब्यात ठेवायचा ठरवलं, सगळ्यांचाच.

न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं ओळखणं हे नर्स म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शांत मूल अचानक डोकं आपटायला लागलं, स्वतःला चावायला लागलं, तर 'झटका आला' म्हणू नका. कान बघा, दाढ बघा, पोट बघा. हा मुलगा चार दिवस ओरडत होता, लोक म्हणाले बाहेरचं आहे. शौचाला झालंच नव्हतं. सार्वजनिक संडासातला अंधार, वास आणि बाहेरून दारावर पडणाऱ्या थापा त्याला सोसत नाहीत, म्हणून तो धरून ठेवायचा. मग वडील गर्दी व्हायच्या आत पहाटे त्याला हाताला धरून न्यायला लागले, सोबत बॅटरी घेऊन. पाणी आणि डाळ-भाजी वाढवली, काही दिवस डॉक्टरांनी औषध दिलं.

या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाणही जास्त असतं. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांच्या वर चालली तर लगेच दवाखाना. काही मुलं नजर चुकली की चालायला लागतात. आपल्या वस्त्या रुळाला, नाल्याला लागून असतात. शर्टाच्या आत फोन नंबर शिवा आणि गल्लीतल्या दुकानदाराला मूल दाखवून ठेवा.

आता आईकडे येते. शिबिरात मी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. बाईचं किमान बारा तरी हवं. मुलगा रात्री दोनपर्यंत झोपायचा नाही, पहाटे पाणी यायचं, सातला ती चार घरच्या कामाला निघायची. साडेपाच वर्षांचा पोरगा कडेवर, कंबर धरलेली. "मला काय होतंय," असं म्हणणारी बाई एक दिवस नळावर चक्कर येऊन पडते, आणि मग त्या मुलाला खाऊ घालणारं कुणी उरत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

पण गोळीने झोप भरून निघत नाही. त्या घरात मी वडिलांना बसवलं आणि सरळ विचारलं, रात्रीची पाळी कोणाची? ते म्हणाले, "मी कामावरून दमून येतो." मी म्हटलं, तीपण कामावरूनच येते. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांनी घेतल्या, कुरकुरत. ज्या आईला सारखं रडू येतं, 'दोघांनी मरून जावं' असं वाटतं, तिने ते पोटात ठेवू नये. 14416 या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आणि त्याच घरातली थोरली. सातवीत होती, भावाला सांभाळायला शाळा सोडवली होती. हे मला मुलाच्या आजारापेक्षा जड गेलं. सावित्रीमाईंचा फोटो भिंतीवर, आणि मुलगी घरात. शेजारच्या दोन घरांनी दुपारचे दोन-दोन तास वाटून घेतले, विहारातल्या मावशींनी शनिवार घेतला. आता ती नववीत आहे.

कागदांचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये ज्या 21 प्रकारांची नोंद आहे, त्यात स्वमग्नता आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. लहान मुलाला ते ठरावीक मुदतीचं मिळतं, तारीख लक्षात ठेवा. प्रमाण 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा नाही म्हणाली तर लेखी द्या म्हणा, बहुतेक वेळा सूर बदलतो. निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

आता 14 एप्रिल. डीजेच्या आवाजाने हा मुलगा दोन वर्षं पलंगाखाली लपून थरथरत होता, आणि आई दार लावून त्याच्याजवळ. जयंतीच्या दिवशी ती दोघं घरात कोंडलेली. गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. एक पोरगा म्हणाला, "एकासाठी सगळ्यांनी?" थोडी वादावादी झाली. शेवटी ठरलं की त्यांच्या गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत डीजे बंद, फक्त निळे झेंडे आणि घोषणा, त्याही हळू. मुलाला कानावरून लोकरी टोपी घातली, वडिलांनी खांद्यावर घेतलं. दहा मिनिटं तो झेंड्याकडे बघत राहिला, मग हात झटकायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला घरी नेलं. आई मिरवणुकीसोबत पुढे चौकापर्यंत गेली. तुमच्या मंडळाची बैठक या आठवड्यात असेल, तर कोणत्या घरात असं मूल आहे ते आधी विचारून जा.