मुक्या जिवाची अमानत : आजारी कासवाच्या निमित्ताने

गेल्या जानेवारीत, जुन्या नाशकातील एका मशिदीत असरच्या नमाजीनंतर, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा जोडे काढण्याच्या जागेजवळ उभा होता. त्याच्या हातात प्लास्टिकचा डबा होता आणि डब्यात दोन बोटे पाण्यात रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठे असे एक कासवाचे पिल्लू होते. त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. चार दिवसांपासून ते काही खात नाही, असे मुलगा म्हणाला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितले होते, की जाऊ दे, गोदावरीत सोडून ये. जगायचे असेल तर जगेल. मुलाला मात्र एकच गोष्ट विचारायची होती. "चाचा, मी याला सोडले आणि ते मेले, तर गुनाह मला लागेल की अब्बांना?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी मला धडपणे देता आले नाही. मूल ज्याला गुनाह म्हणत होते, त्याचा विचार आपण मोठी माणसे फारसा करीत नाही. म्हणून या पाठात त्या प्रश्नाचाच मागोवा घेऊ.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममधील ३८ व्या आयतीत भूमीवर चालणाऱ्या व पंखांनी उडणाऱ्या जिवांना माणसांसारखेच समुदाय म्हटले आहे. सूरह हूदच्या ६ व्या आयतीत सांगितले आहे, की चालत्या-फिरत्या प्रत्येक जिवाच्या अन्नाची जबाबदारी अल्लाहने आपल्याकडे घेतली आहे. आता थोडे थांबून विचार करा. गोदावरीच्या डोहातील कासव आपले अन्न स्वतः शोधते. त्याचे अन्न थेट अल्लाहच्या व्यवस्थेतून त्याला मिळते. आपण एखादा जीव डब्यात बंद केला की त्या व्यवस्थेच्या मध्ये आपण स्वतः येऊन उभे राहतो. त्याचा शोध संपतो आणि आपली जबाबदारी सुरू होते. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बहुतेक वेळा ती क्रूरतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु हदीसमध्ये तिने मांजरीला मारल्याचा उल्लेख नाही. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे-मकोडे खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. तिला शिक्षा झाली ती या दुहेरी कसुरीबद्दल. जीव बंद ठेवायचा आणि त्याची निगा राखायची नाही, हा तो अपराध आहे.

याचा अर्थ घरात प्राणी पाळूच नये असा होत नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे चिमणीएवढा एक पक्षी होता. तो मेला तेव्हा मूल खिन्न बसले. पैगंबर (स.) त्याच्याकडे गेले आणि त्याच्या नावाशी यमक जुळवीत, लाडाने, पक्ष्याची विचारपूस केली. एवढीशी ही घटना! पण चौथ्या हिजरी शतकातील शाफई विद्वान इब्नुल कास तबरी यांनी या एका हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तिच्यातून साठ बोध काढले. मुलाला खेळण्यासाठी पक्षी बाळगणे वैध आहे, हे अनेक विद्वानांनी याच हदीसवरून सांगितले. अट एवढीच की त्या जिवाला यातना होऊ नयेत.

दुसरी घटना याच्या अगदी उलट आहे. अबू दाऊदच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे कथन आहे, की प्रवासात काही सहाबींनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पक्षीण पंख पसरून त्यांच्याभोवती फडफडू लागली. पैगंबर (स.) यांनी पिल्ले परत ठेवण्यास फर्मावले. या दोन्ही घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्या विषयाला दिशा मिळते. कोणता जीव ठेवता येईल आणि कोणता होता तिथे परत गेला पाहिजे, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्या गोदावरीच्या पात्रात पाठीवर मऊ कातडे असलेली कासवे आढळतात. त्यांपैकी लिथचे मृदुकवची कासव फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पातील नद्यांत आढळते आणि आज ते जगातून नाहीसे होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव चोरट्या बाजारात विकले जाते. आपल्या देशातील अशी कासवे पकडणे, विकणे वा घरी बाळगणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. असा जीव घरात असेल, तर त्याला गुपचूप नदीत टाकू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा; आजारी जिवावर उपचार करूनच त्याला सोडावे लागते. कायदा पाळणे हे येथे परत करण्याच्या त्या फर्मानाशी सुसंगतच आहे.

त्या मुलाच्या डब्यातील पिल्लू मात्र वेगळे होते. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंस लाल पट्टा, हिरवी पाठ. हे मूळचे अमेरिकेतील कासव. दुकानांत रेड इअर स्लायडर या नावाने ते मिळते. विकणारा सांगतो, की हे एवढेच राहते. ते खरे नाही. मादी एक फूट लांबीपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे जगते. घेताना कोणी हे विचारात घेत नाही. काही जण तर घरात बरकत यावी म्हणून कासव आणतात. आपल्या वस्त्यांतही हे मी पाहिले आहे आणि ते लिहिताना मला संकोच वाटतो. बरकत देणारा केवळ अल्लाह आहे, पैगंबर (स.) यांनी शकुन-अपशकुनाची कल्पना स्पष्ट नाकारली आहे. नशीब उजळावे म्हणून आणलेल्या त्या जिवाला बहुधा दोन बोटे गार पाण्यात, कोरडी झिंगे खाऊन दिवस काढावे लागतात.

आणि तो आजारी पडतो. का पडतो, हे समजून घेतले तरच उपचार समजेल.

कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भोवतालचे पाणी जेवढे गरम, तेवढेच ते गरम. निफाडकडील द्राक्षबागायतदार हिवाळ्यात रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, हे आपल्याला ठाऊक आहे; पारा दहा अंशांच्या पुष्कळ खाली उतरतो. त्या रात्री खिडकीतील डब्याचे पाणी किती गार होत असेल! अशा पाण्यात पिल्लाचे पचन थांबते, भूक मरते, रोगाशी झुंजण्याची शक्ती जाते. मग नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडे ठेवून ते श्वास घेते, पोहताना एका बाजूला कलते. ही फुप्फुसाच्या संसर्गाची खूण आहे. येथे एक दिवसही वाया घालवू नये.

डोळे सुजण्याचे कारण बहुधा आहारात असते. नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढलेल्या पिल्लात अ जीवनसत्त्वाची उणीव होते, पापण्या सुजतात आणि घाण पाण्याने त्यात भर पडते. डोळे मिटले की अन्न दिसत नाही. ते खात नाही म्हणून आणखी खालावते. पाठ बोटाने दाबली असता लवत असेल, तर कॅल्शियम आणि सूर्यप्रकाश या दोहोंची उणीव आहे असे समजावे. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते : काचेतून आलेल्या उन्हाचा याला उपयोग नाही, कारण हाडे घडवणारे किरण काच अडवते. सकाळचे कोवळे ऊन थेट मिळाले पाहिजे, तेही अर्धी बाजू सावलीत ठेवून आणि आपण जवळ बसून. काचेची पेटी उन्हात ठेवून आपण कामाला गेलो, तर ते पिल्लू शिजून मरेल.

घरी काय करता येईल? प्रथम ऊब. आजारी पिल्लासाठी पाणी सुमारे २८ अंशांवर ठेवावे. मत्स्यपेटीचा हीटर आणि तापमापक कोणत्याही अशा दुकानात मिळतो. चढून कोरडे बसण्यासाठी दगड वा विटेचा तुकडा हवा आणि त्यावर ३० ते ३२ अंशांची ऊब देणारा दिवा. अशक्त पिल्लाला खोल पाण्यात ठेवू नये. नाक वर काढण्याचीही ताकद नसेल, तर ते बुडून मरते. होय, कासवही बुडते. पाणी रोज बदलावे आणि नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. भात, पाव, दूध देऊ नये. बरे वाटू लागल्यावर कासवांसाठीचे चांगले दाणे, गांडूळ, माशाचा बारीक तुकडा, किसलेले गाजर वा लाल भोपळा द्यावा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातील समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवला, तरी पिल्लू तो कुरतडते.

यापुढील काम वैद्याचे आहे. घरातील माणसांची प्रतिजैविके, जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांचा प्रयोग करू नका. अ जीवनसत्त्व अधिक झाले तर कातडी सोलून निघते. गुराढोरांना व कुत्र्यांना जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेतते. जो डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतो, त्याच्याकडेच न्या. नाशिकमध्ये असा डॉक्टर चटकन सापडला नाही, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयापर्यंतही जाता येते. अल्लाहने असा कोणताही रोग उतरविला नाही ज्याचा उपचार उतरविला नाही, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. ती माणसांच्या संदर्भात सांगितली जाते. परंतु मुक्या जिवाला उपचारापासून वगळण्याचे कारण मला कोठे आढळले नाही.

"शंभर-दोनशे रुपयांच्या कासवासाठी हजार रुपये खर्चावेत काय?" हा प्रश्न मला त्या मुलाच्या वडिलांनी केला, आणि तो गैर नव्हता. घर रोजंदारीवर चालते. सातव्या हिजरी शतकातील थोर विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात माणसावर असलेले प्राण्यांचे हक्क नोंदविले आहेत. त्यांत पहिलाच हक्क असा, की प्राणी म्हातारा झाला वा असा आजारी पडला की त्याच्यापासून काहीच लाभ उरला नाही, तरीही मालकाने त्याच्यावर खर्च करावा. वस्तूची किंमत हा येथे निकष नाही. जनावराला पोसण्यास मालकाला काजी भाग पाडू शकतो काय, यावर इमामांत मतभेद आहेत. कोकणातील आपले शाफई बांधव ज्या मताचे अनुयायी आहेत त्यानुसार भाग पाडू शकतो, हनफी मताच्या प्रसिद्ध कथनानुसार न्यायालय भाग पाडणार नाही, परंतु अल्लाहसमोर ते कर्तव्य मालकावर आहेच, आणि इमाम अबू यूसुफ (रह.) तर न्यायालयीन सक्तीच्याही बाजूचे आहेत. म्हणजे मतभेद केवळ दुनियेतील न्यायालयापुरता आहे. ऐपतच नसेल तर? मग जो सांभाळू शकेल अशा हाती तो जीव सोपवावा. मालकाची सुटका याने होते. गोदावरीत टाकल्याने होत नाही.

नदीत टाकण्यात तर दुहेरी अन्याय आहे. आजारी पिल्लू थंड प्रवाहात मरेल हा एक. आणि समजा ते जगले, तर? लाल कानपट्टीचे हे कासव जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीत आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, रोग पसरवते. ज्या मृदुकवची कासवांचा वर उल्लेख आला, त्यांच्याच घरात आपण हा पाहुणा सोडणार. ना कोणाला हानी पोहोचवावी, ना हानीच्या बदल्यात हानी करावी, हा फिकहचा पायाभूत नियम इब्ने माजाच्या हदीसवरून आलेला आहे. नदीतील जीव त्यातून वगळलेले नाहीत. मशिदीच्या हौदात सोडू का, असेही एकाने विचारले. नको. त्याच पाण्याने लोक वजू करतात, आणि कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू निरोगी अवस्थेतही असू शकतात. मुलांना होणाऱ्या आजारामुळेच अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, डबा स्वयंपाकघरात धुऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांना ते हाती देऊ नये. जिवाची काळजी घेताना घरच्यांची काळजी सोडावी असे कोणीही सांगितलेले नाही.

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. गुनाह कोणाला? लहान मुलावर शरीअतचे ओझे नाही. कासव विकत घेऊन देणारा, घर चालवणारा जो प्रौढ आहे, जबाबदारी त्याची. हे मी त्याच्या वडिलांना मुलासमोर सांगितले नाही, बाजूला नेऊन सांगितले. मुलासमोर बापाला खाली पाहायला लावणे हाही अन्यायच. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, की दुकानदाराने तर फक्त झिंगे घाला म्हणून सांगितले होते. मी काही बोललो नाही. कासव घेताना मीही काही विचारले नसते.

हीटर मी आणला, दिवा त्यांनी घरातलाच लावला. डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाचे एक इंजेक्शन आणि डोळ्यांत घालायचा मलम दिला. सहाव्या दिवशी एक डोळा उघडला. दुसरा उघडायला तीन आठवडे लागले आणि त्या दरम्यान दोनदा असे वाटले की संपले. मुलगा रोज असरला येऊन खबर देत असे : आज हलले, आज गाजर तोंडात धरून सोडून दिले. त्या दिवसांत मी त्याला अबू उमैरची हकीकत सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पैगंबर साहेबांनी त्याला दुसरा पक्षी आणून दिला का?" असे कोणत्याही कथनात नाही, असे मी सांगितले. ते त्याच्याकडे आले आणि पक्ष्याबद्दल बोलले, एवढेच नोंदलेले आहे.