फेलोशिपचा अर्ज आणि राजाराम बंधाऱ्याची पट्टी

गेट, कॅट आणि एमपीएससी या तीन वाटा हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहेत. चौथ्या वाटेबद्दल सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर दबक्या आवाजात, "सर, इंजिनिअरिंग करून समाजशास्त्रात पीएच.डी.? घरी काय सांगू?" सिव्हिलला शिकवताना गेल्या काही वर्षांत असे मोजके अर्ज मी वाचले. विषय नागरी सहभागाचा. म्हणजे माणसं आपल्या गावाच्या, शहराच्या कारभारात कशी उतरतात, सभेला जातात, तक्रार करतात, मोर्चा काढतात की गप्प बसतात, याचा अभ्यास.

आधी घरी सांगण्यापुरता हिशेब. २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील (आरक्षित गटांना ५ टक्के सवलत), तर पदवी कोणत्याही शाखेची असो, ज्या विषयात पीएच.डी. करायची त्या विषयाची यूजीसी-नेट देता येते. म्हणजे बी.टेक.नंतर थेट राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन. १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. जेआरएफ लागली तर २०२३ च्या सुधारित दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं ४२,०००. हा आकडा ऐकला की घरचा आवाज जरा खाली येतो, असा अनुभव आहे. याखेरीज अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत. पीएच.डी.ची नोंदणी झालेल्यांसाठी आयसीएसएसआरची आहे. तंत्रज्ञानाचा हात सोडायचा नसेल तर आयआयटी मुंबईचं 'सितारा' केंद्र ग्रामीण प्रश्नांवर पीएच.डी. करून घेतं. अटी दर जाहिरातीला बदलतात, त्यामुळे सिनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, मूळ जाहिरात वाचा.

आता खरी गोष्ट. अर्ज अडतो तो संशोधन आराखड्यापाशी. बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे." भावना चांगली आहे, पण त्यावर पाच वर्षांचे पैसे कुणी देत नाही. फेलोशिप प्रश्नाला मिळते. कोल्हापुरात चळवळीचा तुटवडा कधीच नव्हता. एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली टोलविरोधात शहर रस्त्यावर उतरलं आणि २०१५ अखेर टोल गेला. हे कौतुकानं सांगणं हा झाला अहवाल. टोलसाठी जे शहर उठलं ते पंचगंगेच्या सांडपाण्यासाठी तितकं का उठत नाही, हा झाला प्रश्न.

आणखी एक प्रश्न आपल्या दारातच पडून आहे. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे. मग गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, दिवा बंद पडला, तेव्हा माणूस कुणाकडे गेला? माजी नगरसेवकाकडे? तालमीत? वॉर्ड ऑफिसला? की व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून झोपला? एका विद्यार्थिनीनं हाच विषय घेतला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पेठेतली तालीम ही कुस्तीची जागा आहेच, पण ती तक्रार निवारण केंद्रही आहे, हे कुठल्या परदेशी पुस्तकात सापडायचं नाही.

पण मोजायचं कसं? इथं इंजिनिअर असणं कामाला येतं. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून बसतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. एक पट्टी, पण प्रत्येक फुटाचा अर्थ ठरलेला. नागरी सहभागाची पट्टी कुठं आहे? तक्रारींची नोंदवही ही एक पट्टी, माहिती अधिकारात मागता येते. मात्र ती कोण वाचतं आणि कोण भरतं हे बघा. एखाद्या वस्तीतून वर्षात चारच तक्रारी आल्या, याचा अर्थ तिथं सगळं आलबेल आहे असा होत नाही. अर्ज लिहायला कुणी नसेल, दोनदा हेलपाटा मारून माणसं कंटाळली असतील. आपण लेव्हलिंगला उभं राहतो तेव्हा आधी उपकरणातली चूक तपासतो ना? तेच. म्हणून नोंदवहीच्या जोडीला घरोघर जाऊन विचारणं आलं, तालमीत बसणं आलं. आराखड्यात हे दोन परिच्छेद नीट आले की वाचणाऱ्याला कळतं, पोराला काम कळलंय.

त्या विद्यार्थिनीला मी एक प्रश्न विचारला होता, मुलाखतीतही तो येतोच. समजा पाच वर्षांचा हिशेब लावल्यावर निघालं की नगरसेवक नसताना तक्रारी लवकर सुटल्या. मग? ती लोकशाहीवर मनापासून विश्वास ठेवणारी मुलगी, बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "छापीन सर. पण कुणाच्या तक्रारी लवकर सुटल्या, तेही छापीन." मला वाटतं, कार्यकर्ता आणि संशोधक यांच्यातला फरक एवढाच आहे. कार्यकर्त्याला उत्तर आधी माहीत असतं, आणि तसं असावंही लागतं. संशोधकाला ते नको असलं तरी लिहावं लागतं.

वेळेबद्दलही सांगतो. बाबासाहेबांना १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. कोलंबियात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर काम केलं, म्हणजे लोकांच्या पैशाचा कारभार हाच विषय. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये पुन्हा गेले ते स्वतःची बचत, मित्राकडचं कर्ज आणि आपल्या शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर. इतक्या मोठ्या माणसाचं जिथं अडलं, तिथं तुमचा 'संपूर्ण महाराष्ट्रातील नागरी सहभाग' कसा बसणार? तीन प्रभाग घ्या. फार तर चार. माहिती अधिकाराच्या उत्तराला कायद्यानं ३० दिवस, वर अपील, हे वेळापत्रकात धरा. पावसाळ्यात घरोघर फिरता येणार नाही, तेही धरा.

गाईड निवडताना त्यांचे दोन लेख वाचून मगच पत्र लिहा, पत्र एका पानाचं. आराखडा हॉस्टेलमधल्या इलेक्ट्रिकलच्या मित्राला वाचायला द्या. त्याला पहिल्या पानावर तुमचा प्रश्न सापडला नाही, तर निवड समितीलाही सापडणार नाही. ज्यांना अर्ज भरायचा आहे त्यांनी कच्चा आराखडा शनिवारी दुपारी माझ्याकडे आणावा. हातानं लिहिलेला चालेल, पण विषय तीन प्रभागांपलीकडे गेला असेल तर लाल पेन तयार आहे.