दोन गाणी, पण बेस एकाचाच: हळदीच्या ऑर्डरमध्ये ईक्यू कसा वापरायचा

हळदीची ऑर्डर मिळवणं एक, आणि त्याच गल्लीतून पुढची ऑर्डर येणं वेगळं. त्यासाठी आज मिक्सरवरचे तीन नॉब बघू: हाय, मिड आणि लो.

अँटॉप हिलचंच घ्या. संगम नगरच्या अरुंद गल्लीत मांडव असला की दोन्ही बाजूंना भिंती. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. ती भिंतींवरून परत येते आणि बेस घुमत राहतो. मोकळ्या मैदानात तेच सेटिंग पातळ वाटतं. म्हणून घरी हेडफोनवर जमलेलं मिक्स तिथे तसंच वाजेल असं धरून चालू नका.

घोळ होतो तो लोमध्ये. चालू गाण्याचा लो मधोमध, नव्याचाही मधोमध. दोन किक एकावर एक. बीट अचूक जुळलेले असले तरी आवाज कधी फुगतो, कधी एकमेकांना खातो. पब्लिकला कारण कळत नाही, पाय मात्र थांबतात. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, मिक्सरवर लाल दिवे लागतात, आणि भाड्याच्या बेस पेटीची कॉइल जळाली की कमाई तिथेच गेली.

करायचं असं. नव्या गाण्याचा गेन आधी हेडफोनवर ऐकून जुळवा. त्याचा लो पूर्ण डावीकडे, मिड थोडा कमी. जुन्या गाण्याची ओळ संपून नवी सुरू होते त्या पहिल्या बीटला फेडर उचला. ३२ बीट मोजा. १२८ बीपीएमला हे बरोबर १५ सेकंद होतात. पुढच्या पहिल्या बीटला दोन हातांनी एकदम अदलाबदल: जुन्याचा लो बंद, नव्याचा मधोमध. मिड सावकाश बदला, पण दोन गायक एकाच वेळी गाऊ देऊ नका, मासळीबाजार होतो! हाय थोडाच कापला तरी पुरतो.

नॉब उजवीकडे फिरवायचा मोह टाळा. पायोनियरच्या डीजेएम-९०० मालिकेत ईक्यू ६ डेसिबलपर्यंत वाढतो, आणि ६ डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरकडे जवळपास चौपट पॉवरची मागणी. माझं मत विचाराल तर ईक्यू हे कापायचं हत्यार आहे.

कोळीगीतांचं काय? बरीचशी सहाच्या ठेक्यात असतात, चारच्या बीटवर बसत नाहीत. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वादकांची लयही थोडी पुढेमागे होते. तिथे लांब मिक्सच्या नादी लागू नका. चालू गाण्याचा लो काढा, माइकवर नवरीच्या मामाला बोलवा, आणि कोळीगीत पहिल्या ठेक्यापासून सोडा. या जागी पब्लिक स्वतःच ओरडतं, तुमचा जोड कुणी ऐकत नाही.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादाही ५५ डेसिबलच आहे. भिंतीपलीकडच्या आजींना गाण्यातल्या शब्दांपेक्षा बेसच जास्त पोचतो. म्हणून साडेनऊपासून मास्टर तर खाली आणाच, सोबत लोही उतरवा; शब्द ऐकू येत राहिले तर नाचणारे नाचतात. शेवटची तीन गाणी कोणती, हे यजमानांना तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर दहा वाजता "अजून एकच" सुरू होतं.