एका बादलीचा हिशेब

आपल्या होस्टेलच्या प्रत्येक जिन्यात ‘वीज वाचवा’ अशी पाटी आहे आणि ती बरोबर ट्यूबलाइटच्या बटणावर लावलेली आहे. त्यामुळे वीज वाचवायची म्हणजे दिवे बंद करायचे, एवढाच अर्थ आपल्या डोक्यात बसलाय. दिवे बंद करावेतच, त्याबद्दल वाद नाही. पण वीज खरी कुठे जाते हे बघायचे असेल तर ती पाटी बाथरूमच्या दारावर लावायला हवी. का, ते सांगतो. घाबरू नका मित्रांनो, आकडेमोड अकरावीच्या फिजिक्सचीच आहे!

एक बादली म्हणजे १५ लिटर पाणी धरू. जानेवारीत आपल्या टाकीतले पाणी साधारण १८ अंशांवर असते, आंघोळीला ४० अंशांचे लागते. फरक २२ अंशांचा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. गुणाकार केला की होतात सुमारे १३८० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरवर ०.३८ युनिट. तापता तापता थोडी उष्णता हवेत जातेच, म्हणून सरळ ०.४ युनिट म्हणू. दीड किलोवॅटचा रॉड (जो आपल्या होस्टेलमध्ये कोणाकडेही नाही, याची रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी) त्यासाठी पंधरा-सोळा मिनिटे चालावा लागतो.

०.४ युनिट ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढ्याच विजेवर २० वॅटची एलईडी ट्यूब २० तास जळते, ७५ वॅटचा पंखा पाच तास फिरतो. म्हणजे दिवसभर ट्यूब चालू ठेवून लेक्चरला गेलेल्या मुलावर सगळे ओरडतात, आणि सकाळी एक बादली तापवणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. (हे वाचून आंघोळच बंद करण्याचा विचार आमच्या विंगमधल्या काही महाभागांच्या मनात येईल. त्यांनी हा लेख पुरावा म्हणून वापरू नये.)

आता ही वीज येते कुठून? २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि गॅस यांच्याशिवाय चालणारी झाली. बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण ‘क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष तयार झालेली वीज’ यांत फरक असतो. सोलर पॅनल रात्री झोपते. आपण आंघोळीला रांग लावतो सकाळी सहाला, तेव्हा जानेवारीत सूर्य उगवलेलाही नसतो. त्या वेळची वीज बहुतांशी कोळशाचीच. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे एका बादलीला पाव किलोहून थोडा जास्त. आपल्याकडच्या कोळशात एक तृतीयांशाच्या आसपास राख असते. तेव्हा प्रत्येक गरम बादलीमागे कुठेतरी मूठभर राख तयार होते. ‘कुठेतरी’ म्हणजे फार लांब नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला कोराडी वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध पावसात फुटला आणि ती राख लोकांच्या शेतात शिरली. मूठ मूठ करूनच तो तलाव भरलेला असतो.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. औष्णिक केंद्रात कोळसा हजार अंशांच्या वर जळतो, त्यावर वाफ होते, टर्बाइन फिरते. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतून वीज होते पस्तीस-चाळीस भागांचीच. बाकीची बरीचशी उष्णता कंडेन्सरच्या पाण्यातून कूलिंग टॉवरकडे जाते आणि हवेत सोडून दिली जाते. आणि कंडेन्सरमधून निघणारे हे पाणी किती गरम असते माहीत आहे? चाळीस अंशांच्या आसपास! म्हणजे आंघोळीचे पाणी तिथे अक्षरशः नद्यांनी वाहत असते, ते आपण थंड करून टाकतो. मग उरलेली मौल्यवान वीज शेकडो किलोमीटर तारांतून आणतो, कशासाठी? तर पाणी चाळीस अंशांवर तापवायला. थर्मोडायनॅमिक्सचा सेकंड लॉ परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी (आपण सगळेच) यावर एकदा शांतपणे विचार करावा. विजेवर मोटर फिरते, कॉम्प्युटर चालतो, ऑपरेशन थिएटर चालते. कोमट पाण्यासाठी ती जाळणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करण्यासारखं आहे.

माझी आजी या बाबतीत आपल्यापेक्षा चांगली इंजिनिअर होती. तिच्याकडे तांब्याचा बंब होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख. फायर ट्यूब बॉयलर आम्हाला दुसऱ्या वर्षी इंग्रजीतून शिकवला, तेव्हा डायग्राम बघून मी बाकावरच म्हणालो, अरे, हा तर बंब! सगळीकडून पाण्याने वेढलेला विस्तव, उष्णता बाहेर जायला वाटच कमी. इंधन काय, तर पऱ्हाट्या, तुराट्या, नारळाच्या करवंट्या, शेतात नाहीतरी उरणारे. अर्थात धूरही तिच्याच डोळ्यांत जायचा, त्यामुळे ‘जुने ते सोने’ वगैरे मी म्हणणार नाही. पण हलक्या कामाला हलके इंधन, हे तिला कळत होते.

आज तेच काम करणारी वस्तू म्हणजे सोलर वॉटर हीटर. पश्चिम महाराष्ट्रात त्याला चक्क ‘सोलर बंब’ म्हणतात, मला ते नाव फार आवडते. वीज नाही, पंप नाही. काळ्या पत्र्याखालच्या नळ्यांत पाणी तापते, तापलेले पाणी हलके होते, आपोआप वर चढून टाकीत जाते आणि टाकीतले थंड पाणी खाली येते. याला थर्मोसायफन म्हणतात. दोन चौरस मीटर कलेक्टरवर स्वच्छ उन्हात १०० लिटर पाणी साधारण ६० अंशांपर्यंत तापते. तेवढ्याच जागेत वीज बनवणारे पॅनल लावले आणि त्या विजेने पाणी तापवले, तर निम्मेसुद्धा तापत नाही. शिवाय दुपारचे ऊन पहाटेपर्यंत साठवायला महागडी बॅटरी लागत नाही. चांगले गुंडाळलेली टाकी हीच बॅटरी!

“मग आपल्या होस्टेलच्या गच्चीवर सोलर आहे की, तरी पाणी गार का येतं?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी आणि माझा रूममेट प्लंबर काकांबरोबर वर जाऊन आलो. दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, क्षार. काकांनी एक जोड सोडवला, तर आतून नळी पांढऱ्या थराने अर्धी बुजलेली. बोअरचे पाणी जड आहे, मेसच्या पातेल्याचा तळ बघितला तरी कळते. आता थर्मोसायफनला ढकलणारा जोर किती असतो बघा. ६० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा फक्त दीड टक्का हलके असते. एक मीटर उंचीला त्यातून मिळणारा दाब जेमतेम १५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. एवढ्याशा जोरावर पाणी फिरते, मग बुजलेल्या नळीतून ते काय फिरणार?

दुसरी गोष्ट, पाइप. टाकीपासून तळमजल्यापर्यंत वीस मीटर तरी एक इंची पाइप आहे, तोही उघडा. त्यात १० लिटर पाणी मावते. रात्रभरात ते गार होते. तळमजल्यावरचा मुलगा नळ सोडतो, गार पाणी येते, म्हणून तो सोडूनच ठेवतो. पाऊण बादली वाया गेल्यावर कुठे गरम पाणी सुरू होते, तोवर तो शिव्या देत निघून गेलेला असतो, नळ तसाच! टाकीतले गरम पाणी गटारात आणि जागी गार पाणी भरलेले. आठ वाजता उठणाऱ्यांच्या वाट्याला काय येणार?

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण म्हणजे ‘सोलर बिनकामाचे आहे, ते काढून प्रत्येक मजल्यावर इलेक्ट्रिक गिझर बसवा’ असा प्रस्ताव होस्टेल कमिटीपुढे आहे. सह्यांचा कागद आपल्याच मुलांनी फिरवला होता. तीनशे मुलांचे होस्टेल धरले तर रोज १२० युनिट, थंडीच्या चार महिन्यांत १४,४०० युनिट. म्हणजे दहा टन कोळसा. एक ट्रक! उलट एका बादलीला ६० अंशांचे आठच लिटर पाणी पुरते, बाकी गार मिसळायचे. तीनशे मुलांना २४०० लिटर, कलेक्टर सुमारे ५० चौरस मीटर. बॅडमिंटन कोर्टापेक्षाही कमी जागा.

पावसाळ्यात सोलर चालत नाही, हे मान्य. जुलै-ऑगस्टसाठी काहीतरी जोड लागेल. ती गिझरची असण्यापेक्षा हीट पंपाची असावी, कारण तो फ्रिजच्या उलट चालतो आणि एका युनिट विजेत तीन युनिटच्या आसपास उष्णता हवेतून ओढून देतो. महाग आहे, पण चौकशी करायला हरकत नाही.

सध्या कमिटीकडे आमची मागणी छोटी आहे. दिवाळीच्या सुट्टीत कलेक्टरच्या नळ्या सायट्रिक ॲसिडने धुऊन घ्याव्यात, गरम पाण्याच्या पाइपाला फोमचे वेष्टन घालावे आणि गच्चीवर पाणी जाण्याआधी क्षार कमी करणारे सॉफ्टनर बसवावे. त्यानंतर एक हिवाळा रोज सकाळी सहा, सात आणि आठ वाजता तळमजल्याच्या नळाचे तापमान लिहून ठेवायचे. थर्मामीटर लॅबमधून मिळतोय, सहा वाजताची पाळी मी घेतो. आठची घ्यायला तयार असणाऱ्यांनी रूम नंबर १७ ला नाव द्यावे, सातची अजून रिकामी आहे.