पणजीचं नाव माहीत नाही? तरी तिला वंशवृक्षात बसवा

सुरतच्या पांडेसऱ्यात राहणाऱ्या आपल्या खानदेशी घरांत पणजोबांचं नाव पाठ असतं, पणजीचं कुणालाच आठवत नाही. काळजी नको. संगणकावर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. आजोबा आणि पणजोबा आधी भरलेले हवेत. नसतील तर पहिलं काम तेच.

१. डावीकडे 'फॅमिलीज'वर क्लिक करा.

२. वरचं अधिकचं चिन्ह दाबा. कोरा फॉर्म उघडेल.

३. 'फादर'च्या चौकटीत यादीतून पणजोबा निवडा. इथे अधिक दाबलंत तर दुसरेच पणजोबा तयार होतील!

४. 'मदर'च्या चौकटीत मात्र अधिकच दाबा.

५. लिंग 'फीमेल' आहे ना, तपासा.

६. 'गिव्हन'चा रकाना रिकामा सोडा. 'अज्ञात' किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका. सॉफ्टवेअर त्यालाच नाव समजतं आणि पुढे साऱ्या 'अज्ञात' बायका एकाच नावाच्या दिसतात.

७. 'सरनेम'ही रिकामा ठेवा. तिथे माहेरचं आडनाव येतं, सासरचं नाही.

८. 'नेम्स'मध्ये दुसरं नाव जोडून प्रकार 'मॅरिड नेम' ठेवा आणि सासरचं आडनाव तिथे लिहा.

९. आता 'निकनेम'. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना फोन लावा आणि विचारा, "पणजीला काय म्हणून हाक मारायचे?" 'शिरपूरवाली' असं उत्तर आलं तर जसंच्या तसं भरा. ही नोंद फार मोलाची, कारण माहेरच्या गावाचा माग इथूनच लागतो. पण शिरपूर हे जन्मस्थळ म्हणून लगेच भरू नका. अजून खात्री नाही.

१०. 'नोट्स'मध्ये हे कुणी, कधी सांगितलं ते लिहा. आजच लिहा, उद्या विसराल.

११. 'ओके' दाबा. फॅमिलीचा फॉर्म परत दिसेल.

१२. 'चिल्ड्रन'मध्ये यादीतून आजोबा निवडा.

१३. पुन्हा 'ओके' दाबा. हे राहिलं तर पणजी एकटीच लटकत राहील.

१४. पणजोबांच्या नावावर शेती होती? गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे गाव नमुना ६क, म्हणजे वारसांची नोंदवही, दाखवायला सांगा. पणजोबांमागे पणजी हयात असेल तर वारसांत तिचं नाव सापडू शकतं.

१५. नाव सापडलं की हीच नोंद उघडून 'गिव्हन'मध्ये भरा. नवी पणजी जोडू नका.