विजेरीची मनगट-दोरी : कार्यानुभवाचा एक पाठ

रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या सान्निध्यात वसलेले मिरकरवाडा हे मच्छीमारीचे मोठे बंदर आहे. नौका रात्री-अपरात्री धक्क्यास लागतात, आणि जागा अपुरी पडली म्हणजे एकीच्या कुशीला दुसरी, दुसरीच्या कुशीला तिसरी अशा बांधल्या जातात. एका नौकेवरून दुसरीवर पाऊल टाकताना खलाशास दोन्ही हात मोकळे लागतात. परंतु पाऊल कोठे पडते हे पाहण्यासाठी विजेरीही हाती लागते. ओल्या हातातून विजेरी निसटली की ती दोन नौकांच्या फटीतून तळाशी जाते, आणि तिच्यामागे झेप घेणाऱ्याचा तोल जातो. विजेरी पुन्हा विकत आणता येते. खरी काळजी त्या झेपेची आहे.

यावर उपाय म्हणजे विजेरीच्या बुडाशी असलेल्या छिद्रात दोरी ओवून तिचे कडे मनगटात घालणे. काम अर्ध्या तासाचे, खर्च नाममात्र. तथापि हे काम जितके सोपे दिसते तितके ते सोपे नाही, आणि म्हणूनच इयत्ता ५ वी ते ७ वीच्या कार्यानुभवास ते योग्य आहे. मुलांस प्रथम असा प्रश्न विचारावा : “दोरी कशी असावी?” वर्ग एकमुखाने सांगेल, “मजबूत.” हे उत्तर फळ्यावर लिहून ठेवावे व त्यापुढे दुसरा प्रश्न ठेवावा : “जाळे ओढणाऱ्या विंचमध्ये विजेरी अडकली, तर मजबूत दोरी काय करील?” मिरकरवाड्यातील मुलांस याचे उत्तर समजावून द्यावे लागत नाही. विंच पाहिलेला मुलगा आपोआप आपले मनगट धरतो.

तेव्हा दोरीने दोन परस्परविरोधी कामे करावयाची आहेत. विजेरी पडली तर तिने तोलून धरावे, आणि हात ओढला जाऊ लागला तर तिने सोडून द्यावे. बाजारातील तयार दोऱ्यांची जाहिरात बहुधा पहिल्याच गुणावर होते. हा पाठ दुसऱ्या गुणासाठी आहे.

साहित्य म्हणून २ मि. मी. जाडीची नायलॉनची दोरी, कात्री, मेणबत्ती व सुती दोरा एवढे पुरे. जाळी विणण्या-सांधण्यातून उरलेले दोरीचे तुकडे धक्क्यावर सहज मिळतात. मात्र उन्हात पडून पांढुरकी व चरचरीत झालेली दोरी घेऊ नये. सुती दोऱ्याविषयी एक सावधगिरी आहे. दुकानात शिवणाचा म्हणून मिळणारा दोरा आता पुष्कळदा पॉलिएस्टरचा असतो आणि तो आपल्या कामास अतिशय बळकट पडतो. शिक्षकांनी दोऱ्याचे टोक ज्योतीत धरून पाहावे. सूत कागदाप्रमाणे जळते व त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळते व टोकाशी कठीण गोळी जमते.

लांबी ठरविण्यासाठी अंगठा तळव्यात दुमडून हाताच्या सर्वांत रुंद भागाचा घेर मोजावा. कडे सहज निघावे म्हणून त्यात ४ सें. मी. मिळवावेत, गाठींसाठी आणखी १६ सें. मी. घ्यावेत. घेर २० असेल तर दोरी ४० सें. मी. कापावी. प्रत्येकाचा हात निराळा, म्हणून प्रत्येकाची दोरी निराळी. एकाच मापाचे चाळीस तुकडे कापून वाटण्याचा मोह टाळावा. गणिताचा भाग तेथेच संपून जाईल. कापलेली टोके शिक्षकांनी स्वतः मेणबत्तीवर क्षणभर धरून वितळवावीत. वितळलेले नायलॉन कातडीस चिकटून भाजते. ते बोटांनी दाबू नये.

आता बांधणी. विजेरीच्या छिद्राची कड धारदार असल्यास प्रथम पॉलिश पेपरने घासून घ्यावी, नाही तर ती दोरीला रोज थोडी थोडी कापीत राहील. दोरी मध्यावर न दुमडता एका टोकापासून साधारण १२ सें. मी. वर दुमडावी. दुमडलेला भाग छिद्रातून पलीकडे काढावा, त्यातून दोन्ही टोके ओवून ओढावीत. गाठ छिद्राशी घट्ट बसते. दोरी छिद्रातून जात नसेल तर बारीक तांब्याच्या तारेची अढी करून तिने ओढून घ्यावी. मग प्रत्येक टोक दुहेरी करून साधी गाठ मारावी, म्हणजे दोन्ही टोकांशी लहान लहान डोळे तयार होतील. हे दोन डोळे एकमेकांशी नायलॉनने न बांधता सुती दोऱ्याचे वेढे घेऊन जोडावेत व दोरा निरगाठीने बांधावा. येथे सुरगाठ चालणार नाही. लांब बाजूचे कडे मनगटात जाते आणि सुताचा जोड विजेरीपासून दोन-चार बोटांवर राहतो. जोर पडला की जोड तुटतो, कडे उघडते व दोरी हातावरून सुटून जाते.

गाठींची नावे शिक्षकांनी घाईने सांगू नयेत. कोळ्या-खलाशांच्या घरची मुले पुष्कळ गाठी शाळेत येण्यापूर्वीच शिकलेली असतात आणि त्यांची घरची नावे त्यांच्या ओठांवर असतात. ती फळ्यावर येऊ द्यावीत. या पाठात एखादे वेळी शिक्षकानेच मुलाकडून गाठ शिकावी लागेल, आणि त्यात वावगे काही नाही.

दोन गोष्टी आवर्जून टाळाव्या. पहिली, ओढताच आवळणारा सरकता फास. मनगटावर कडे हवे, फास नव्हे. दुसरी, शोभेसाठी व घट्ट बसण्यासाठी दोन्ही दोऱ्यांवर मणी ओवणे. मुलांस याची फार हौस असते. परंतु जोड तुटल्यावर डोळ्याची गाठ मण्याच्या छिद्रात अडकते आणि कडे मनगटावर तसेच राहते. एक दोरी मण्यासह बांधून, तिचा जोड कात्रीने कापून हे वर्गात दाखवावे. सांगण्यापेक्षा ते लवकर पटते.

सुताचे वेढे किती घ्यावेत? हा या पाठाचा गाभा होय, आणि त्याचे उत्तर पुस्तकात नाही, कारण प्रत्येक दोरा निराळा. प्रथम अंदाज करावा. १०० ग्रॅमची विजेरी १५ सें. मी. पडली आणि दोरीने तिला १ सें. मी. ताणात थांबविले, तर सरासरी ओढ विजेरीच्या वजनाच्या १६ पट, म्हणजे १ किलो ६०० ग्रॅमइतकी पडते. स्थिर लटकलेल्या विजेरीपेक्षा पडलेली विजेरी इतकी जड होते हे ऐकून सातवीची मुलेही चकित होतात. थोडी सवलत धरून जोडाने ३ किलो तोलावे व ८ किलोच्या आत तुटावे, असे माप वर्गाने ठरवावे.

परीक्षेसाठी मनगटाएवढ्या जाडीची गुळगुळीत काठी दोन बाकांवर आडवी ठेवून तिच्यात कडे अडकवावे आणि विजेरीच्या जागी लोखंडी कडी बांधून तिला बादली टांगावी. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असावी. मुलांनी पाय दूर ठेवावेत. रिकाम्या बादलीचे वजन आधी करून घ्यावे व मग मापाने पाणी ओतीत जावे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. सुटा दोरा ताणून पाहणे पुरेसे नाही; कड्याच्या दोन बाजूंत ओढ वाटली जाते व जोडावर साधारण निम्मीच येते, म्हणून परीक्षा संपूर्ण कड्याचीच घ्यावी. जोड लवकर तुटला तर वेढा वाढवावा, तुटलाच नाही तर कमी करावा, आणि प्रत्येक वेळी वेढे व लिटर यांची नोंद वहीत करावी.

हीच परीक्षा जोड भिजवून पुन्हा घ्यावी. नायलॉन ओले झाले की थोडे दुबळे होते. सूत मात्र भिजल्यावर अधिक बळकट होते. बंदरावर दोरी कोरडी राहत नाही, तेव्हा प्रमाण ओल्या परीक्षेचेच मानावे.

जोड कितीही नेमका साधला तरी चालू विंचजवळ व इंजिनाजवळ दोरी मनगटातून काढून ठेवावयाची आहे, हे मुलांनी घरी सांगावे. तांडेल व वडीलधारी माणसे याला हसणार नाहीत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. शाळा जूनमध्ये उघडत असल्याने हा पाठ जुलैत घेतल्यास नौका निघण्यापूर्वी दोऱ्या घरोघरी पोचतात. सूत दमट हवेत कुजते, म्हणून जोड दर महिन्यास बदलावा. बदलताना विजेरी गोड्या पाण्याने पुसून, सेल काढून वाळवावी. प्रत्येक मुलाने सुती दोऱ्याचा एक हात लांबीचा तुकडा व आपल्या वेढ्यांचा आकडा लिहिलेली चिठ्ठी दोरीबरोबरच घरी न्यावी.