टेबलावरील खेळ : स्पर्धेसाठी कोणता योग्य?

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. पनवेल-रोहा लोहमार्गावर त्याचे स्वतःचे स्थानक आहे आणि रसायनीची औद्योगिक वसाहत जवळच आहे. अशा गावात कॅरम घरोघरी परिचित असतो. पूल आणि स्नूकरही शहराच्या सान्निध्यामुळे तरुणांना अपरिचित राहिलेले नाहीत. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने तरुणांसाठी अशा खेळाची स्पर्धा भरविण्याचे ठरविले, की पहिला प्रश्न निवडीचा येतो. मनोरंजनाला उत्तम असलेला खेळ स्पर्धेलाही उत्तम असतोच असे नाही. निवड चुकल्यास निकालावरून वाद होतात आणि खर्च करून आणलेले साहित्य कोपऱ्यात पडून राहते. म्हणून या खेळांचे गुणदोष तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

स्पर्धेच्या दृष्टीने चार गोष्टी पाहाव्या लागतात. निकालात कौशल्याचा वाटा किती व नशिबाचा किती. मागे पडलेल्या खेळाडूस पुन्हा संधी मिळते काय. सामना ठराविक वेळेत संपतो काय. आणि साहित्य, जागा व पंच यांचा भार आयोजकांना पेलतो काय.

बिलियर्ड्स : कौशल्याची पराकाष्ठा

या खेळात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्ता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा तो मान संपादन केला. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ व १९८३ असे तीन वेळा जागतिक हौशी विजेते ठरले.

बिलियर्ड्समध्ये अवघे तीन चेंडू असतात. आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लागला, की दोन गुण. लाल चेंडू खिशात गेला, की तीन. नशिबाला येथे फारच थोडा वाव आहे. परंतु हाच गुण स्पर्धेत अडचणीचा ठरतो. निष्णात खेळाडू एकदा जमला, की प्रतिस्पर्ध्याला केवळ बसून पाहावे लागते. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरा यांनी एका डावात ११४९ गुण केले होते. इंग्लंडमध्ये १९०७ साली टॉम रीस यांनी चेंडू खिशाच्या तोंडाशी अडकवून एकाच प्रकारच्या फटक्यांनी ४,९९,१३५ गुण केले. हा डाव अनेक आठवडे चालला आणि त्यानंतर त्या फटक्यावर बंदी घालावी लागली. पुढेही अशी बंधने वाढत गेली. आता १५० गुणांचे छोटे डाव खेळविण्याची पद्धत रूढ झाल्याने हा दोष बराच कमी झाला आहे.

स्नूकर : बचावालाही मोल

स्नूकरचा उगम भारतातलाच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने त्याची कल्पना काढली आणि उटीच्या क्लबात त्याच्या नियमांना आकार आला. पंधरा लाल, सहा रंगीत व एक पांढरा असे बावीस चेंडू यात असतात. लाल व रंगीत चेंडू आळीपाळीने घ्यावयाचे असल्याने एका डावातील कमाल गुण सर्वसाधारणपणे १४७ होतात. पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूआड लपविला, की प्रतिस्पर्धी अडचणीत येतो व त्याच्या चुकीबद्दल किमान चार गुण मिळतात. अशा रीतीने मागे पडलेल्यालाही डाव फिरविता येतो. शिवाय एक फ्रेम संपली, की पुढची शून्यापासून सुरू होते. मात्र दोघेही बचावावर राहिल्यास फ्रेम फार लांबते. सहा लाल चेंडूंचा छोटा प्रकार त्यावर चांगला उपाय आहे.

पूलचे प्रकार

पूल हा एक खेळ नसून खेळांचा समूह आहे. ‘एट बॉल’मध्ये एकाकडे एक ते सात व दुसऱ्याकडे नऊ ते पंधरा क्रमांकांचे चेंडू असतात, आपले सात संपवून आठव्या चेंडूने डाव जिंकावयाचा असतो. नवख्याला तो लवकर समजतो. आपले चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत अडथळा म्हणून ठेवता येत असल्याने त्यात विचारालाही वाव आहे. ‘नाइन बॉल’मध्ये सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो व नववा चेंडू घेणारा जिंकतो. हा वेगवान व प्रेक्षणीय प्रकार. पण अनपेक्षित धक्क्याने नववा चेंडू खिशात गेला तरी डाव मिळतो. म्हणून एका डावावर निकाल न लावता सात किंवा नऊ डाव आधी जिंकणाऱ्यास विजयी ठरविणे न्याय्य होय. ‘टेन बॉल’मध्ये चेंडू व खिसा आधी सांगावा लागत असल्याने नशिबाचा भाग आणखी घटतो. ‘स्ट्रेट पूल’मध्ये प्रत्येक चेंडूला एक गुण असतो. अमेरिकेच्या विली मॉस्कोनी यांनी १९५४ साली एका प्रदर्शनीय सामन्यात त्यात सलग ५२६ चेंडू घेतले. कौशल्याची परीक्षा म्हणून हा प्रकार श्रेष्ठ. पण प्रतिस्पर्ध्याला बसवून ठेवण्याचा बिलियर्ड्सचा दोष त्यातही आहे.

खेळविण्यासाठी काठी मोकळेपणी फिरावी म्हणून बारा फुटी स्नूकर टेबलास सुमारे २२ × १६ फूट आणि नऊ फुटी पूल टेबलास सुमारे १८ × १४ फूट जागा लागते. दगडी पाटाचे वजनदार टेबल, लोकरी कापडाची निगा व कोकणातील पावसाळी दमटपणा यांचाही विचार करावा लागतो.

कॅरम : जवळचा पर्याय

हेच निकष कॅरमला लावून पाहता येतात. घरी खेळल्या जाणाऱ्या पॉइंटच्या खेळात पांढऱ्या सोंगटीचे २०, काळीचे १० व राणीचे ५० गुण धरतात आणि कोणतीही सोंगटी कोणीही घेऊ शकतो. चौघांच्या करमणुकीला हा खेळ छान. पण त्यात बचावाला फारसे मोल नाही. अधिकृत स्पर्धांत काळे-पांढरे खेळतात व तो प्रकार ‘एट बॉल’ला जवळचा आहे. आपली सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत ठेवणे आणि राणी केव्हा घेऊन कव्हर करावी हे ठरविणे, यांत खेळाडूची बुद्धी दिसते.

या प्रकारातील गुणपद्धतीही विचारपूर्वक केलेली आहे. बोर्ड जिंकणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण मिळतो आणि राणी त्याने घेतली असल्यास तिचे तीन. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, यांपैकी जे आधी होईल तेथे संपतो. समजा, सहा बोर्डांनंतर गुण २०-८ आहेत. मागे असलेल्याने सातव्या बोर्डात राणीसह पूर्ण बारा गुण मिळविले, तर २०-२० अशी बरोबरी होऊन आठवा बोर्ड निर्णायक ठरतो. आशा शेवटपर्यंत टिकते आणि खेळ लांबतही नाही.

आयोजनातील फरकही ध्यानात घ्यावा. सोळा स्पर्धकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पंधरा सामने होतात. पूलचे एकच टेबल असेल व प्रत्येक सामन्यास एक तास धरला, तर पंधरा तास लागतील. कॅरमचे चार बोर्ड असतील, तर तीन गेमच्या सामन्यास दीड तास धरूनही पाच पाळ्यांत, म्हणजे साडेसात तासांत, अंतिम सामना आटोपतो. शाळेची एक खोली व चार पंच एवढी तयारी त्यास पुरते. मुलींनाही मुलांच्या बरोबरीने त्यात भाग घेता येतो.

तेव्हा जेथे टेबल उपलब्ध आहे, तेथे नवोदितांसाठी ‘एट बॉल’ व जाणत्यांसाठी सहा लाल चेंडूंचे स्नूकर निवडावे. जेथे नव्याने आरंभ करावयाचा आहे, अशा आपट्यासारख्या गावी काळे-पांढरे कॅरम सर्वांत सोयीचे ठरेल. शिक्षक व पंचायत सदस्यांनी स्पर्धेपूर्वी नियमांची प्रत फलकावर लावावी आणि पंचांना एक दिवस सराव द्यावा. खेळाडूला आपण का हरलो हे समजले, तर तो पुढच्या वर्षी अधिक तयारीने येतो.